आणखी एक किलो : कॉमर्सच्या मुलांचे कॅलक्युलस

दहावीचा निकाल लागला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "गणित नको म्हणून कॉमर्स घेतलं." दोन-तीन वर्षांनी तीच मुले बीबीए किंवा बीकॉमला जातात, 'बिझनेस मॅथेमॅटिक्स'चे पुस्तक उघडतात आणि निम्म्या पुस्तकात कॅलक्युलस निघते. मी बरीच वर्षे कॉलेजात गणित शिकवले. आता निवृत्तीनंतर रविवारी सकाळी आपल्या सभासदांची दोन-चार मुले घरी येतात. जवळजवळ सगळी ह्याच विषयात अडकलेली असतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मुलगी आली. पहिल्या सेमिस्टरला ह्या पेपरात एटीकेटी लागली होती आणि दुसऱ्यांदाही हुकले तर कॉलेज सोडून आईच्या कामात लागायचे, असे तिने मनात पक्के केले होते. आई घरी चिवडा, शेव, चकली करून विकते. मी तिला दोन उदाहरणे घातली, तिने दोन्ही बरोबर सोडवली. मग म्हणाली, "काका, काढायचं कसं ते येतं मला. पण काढल्यावर जे येतं ते काय असतं?"

हा प्रश्न मला वर्गात फारसा कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही मुलांना फारसा विचारला नव्हता. घात एक खाली आणा, जुना घात पुढे गुणा, स्थिर पदाचे शून्य करा. एवढ्यावर परीक्षेतले निम्मे गुण मिळतात. निम्मे जातात ते 'उत्तराचा अर्थ लिहा' ह्या एका ओळीत. पुढे नोकरीत किंवा धंद्यात उपयोगी पडते तीही तीच ओळ. म्हणून त्या रविवारी पुस्तक बाजूला ठेवून आम्ही तिच्या आईचा चिवडा घेतला. पुढचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत, पण घडण तीच आहे.

दिवाळीआधीच्या दिवसांतला एक दिवस धरा. चिवडा केला काय, न केला काय, ६०० रुपये खर्च होतातच : मागच्या खोलीचे भाडे आणि मदतीला येणाऱ्या बाईंचा रोज. दर किलोला पोहे, शेंगदाणे, तेल, मसाला, पिशवी मिळून १२० रुपये. इथपर्यंत कोणालाही कळते. पण माल वाढवत नेला की तिसरा खर्च डोके वर काढतो. संध्याकाळी ज्यादा वेळ थांबावे लागते, त्याचे वेगळे पैसे. घाईत एखादा घाणा करपतो. सियागंजातून ठोक आणलेले तेल संपते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून महाग घ्यावे लागते. हा खर्च किलोगणिक सारखा नसतो, तो चढत जातो. किलोंच्या संख्येला 'क' म्हटले तर आम्ही तो अर्धा क² धरला. म्हणजे रोजचा एकूण खर्च असा :

खर्च = ६०० + १२०क + ०.५क²

६० किलो केले तर ६०० + ७२०० + १८००, म्हणजे ९६०० रुपये. सरासरी १६० रुपये किलो. घरात आणि दुकानात सगळे जण हीच सरासरी बोलतात : "आपल्याला किलो १६० ला पडतो."

आता मी विचारले, "समज ६० किलो झाले आहेत आणि कोणी आणखी एक किलो मागितला. तो कितीला पडेल?" ती लगेच म्हणाली, "१६०." हिशेब करून पाहिला. ६१ किलोंचा खर्च ९७८०.५० रुपये येतो, ६० किलोंचा ९६०० आहे. एकसष्टावा किलो १८०.५० रुपयांना पडला. सरासरीपेक्षा वीस रुपये महाग, कारण तो ज्यादा वेळेतला, महाग तेलातला किलो आहे. सरासरीत आधीच्या स्वस्त किलोंची स्वस्ताई मिसळलेली असते, आणि नव्या किलोला तिचा काही उपयोग नाही.

आणखी एक किलो न मागता पावच किलो मागितला तर? तो ४५ रुपये आणि वर तीन पैशांना पडतो, म्हणजे किलोच्या भावात १८०.१२५. आणखी कमी घेत गेलो तर हा भाव १८० च्या जवळ जवळ सरकतो. बीजगणितात मांडले तर दिसते की ६० किलोंवर 'ह' इतकी भर घातली की किलोमागे वाढीव खर्च १८० + ०.५ह येतो, 'ह' लहान होत गेला की शेवटचा तुकडा नाहीसा होतो आणि उरतात १८०. पुस्तकातली 'लिमिट' ती हीच. पहिले प्रकरण ज्या लिमिटच्या उदाहरणांनी भरलेले असते, त्यांतली बरीचशी कॉमर्सच्या मुलाला पुन्हा कधी भेटत नाहीत. तिथे फार दिवस घालवू नयेत असे माझे मत आहे.

आता तोच नियम लावून पाहा. ६०० चे शून्य, १२०क चे १२०, ०.५क² चा क. म्हणजे १२० + क. क च्या जागी ६० घाला : १८०. तिला जे 'काढता येत' होते ते हेच होते. डी-वाय बाय डी-एक्स म्हणजे 'आणखी एक केला तर साधारण किती', आणि त्याचे एकक असते 'रुपये दर किलो'. मी मुलांना एक सवय लावतो, उत्तरापुढे एकक लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचे नाही. नुसते १८० लिहिणाऱ्याला अर्थ सांगता येत नाही. '१८० रुपये दर किलो, ६० किलो झालेले असताना' असे लिहिणाऱ्याने अर्थ सांगूनच टाकलेला असतो.

इथे भाषेची एक अडचण सांगायला हवी, कारण ती आपल्याच गावची आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, बारावीपर्यंत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात आणि कॉलेजात दोन्हीची खिचडी होते. इंग्रजीत 'लिमिट' आणि 'मार्जिनल' हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. हिंदी पुस्तकात लिमिट म्हणजे 'सीमा' आणि मार्जिनल कॉस्ट म्हणजे 'सीमांत लागत'. मराठीतही 'सीमांत खर्च'. मुलांना वाटते की सीमांत म्हणजे शेवटची हद्द, याहून जास्त खर्च होणारच नाही असा खर्च. एका मुलाने तर पेपरात तसे लिहूनही ठेवले होते. सीमांत म्हणजे कडेचा. तुम्ही आज जिथे उभे आहात त्या काठावरचा पुढचा किलो.

खर्चाचे झाले, आता विक्री. चिवडा थोडाच असेल तर ओळखीची गिऱ्हाइके चांगला भाव देतात. जास्त खपवायचा तर दुकानांत ठेवावा लागतो, भाव उतरवावा लागतो, आणि उतरवलेला भाव जुन्या गिऱ्हाइकांनाही द्यावा लागतो. आपल्याकडे बातमी लपत नाही. आम्ही धरले की ३०० मधून जितके किलो विकायचे तितके रुपये वजा केले की भाव येतो. ६० किलो विकायचे तर २४०, ८० विकायचे तर २२०. एकूण विक्री म्हणजे भाव गुणिले किलो :

विक्री = ३००क − क²

६० किलोंची विक्री १४४०० रुपये, खर्च ९६००, नफा ४८००.

आईचे म्हणणे होते की दिवाळीत ८० किलो करावेत. तिचा युक्तिवाद मुलीने मला जसाच्या तसा सांगितला : "८० केले तर किलो १६७.५० ला पडतो, २२० ला जातो. प्रत्येक किलोमागे साडेबावन्न रुपये सुटतात. मग जास्त करण्यात वाईट काय?" बोलणे अगदी समजूतदार आहे, आणि बहुतेक दुकाने ह्याच बोलण्यावर चालतात. पण ८० किलोंचा नफा मोजला तर १७६०० उणे १३४००, म्हणजे ४२०० भरतो. वीस किलो जास्त राबून ६०० रुपये कमी.

गेले कुठे ते ६०० रुपये? सरासरीत ते दिसत नाहीत, काठावर दिसतात. विक्रीचा अवकलज ३०० − २क. साठाव्या किलोपाशी तो १८० येतो. भाव २४० असताना पुढचा किलो १८० च आणतो, कारण तो खपवायला आधीच्या साठही किलोंवर एकेक रुपया सोडावा लागतो. मुलांना सगळ्यात अवघड जाते ते हेच. वाढीव विक्री ही भावाइतकी नसते. ६० किलोंच्या काठावर पुढचा किलो १८० आणतो आणि १८० च खातो. त्याच्या अलीकडे तो खाण्यापेक्षा जास्त आणतो, पलीकडे आणण्यापेक्षा जास्त खातो. म्हणून थांबायचे ते ६० वर. पुस्तकातली 'एमआर बरोबर एमसी' ही चौकटीतली ओळ एवढेच सांगते. 'दुसरा अवकलज ऋण आहे का ते तपासा' ही जी पायरी मुले सोडून देतात, तिचा अर्थही इथेच दिसतो. पुढच्या किलोचा फायदा घटत चालला आहे की वाढत, हे ती पाहते. तो घटत असेल तरच शून्याची जागा शिखराची. वाढत असेल तर ती जागा खड्ड्याची, आणि तिथे थांबणे म्हणजे सगळ्यात वाईट जागी थांबणे.

एक गंमत म्हणून आम्ही विक्री सर्वांत जास्त कुठे होते तेही काढले. ३०० − २क शून्य होते १५० किलोंवर. विक्री २२५०० रुपये, खर्च २९८५०. गल्ला सर्वांत मोठा आणि घरातून ७३५० रुपये गेलेले. 'सेल वाढवा' एवढेच ज्याला सांगितलेले असते तो माणूस प्रामाणिकपणे कुठे पोहोचू शकतो, ते ह्या एका आकड्यात आहे.

ही कल्पना धंद्याच्या अभ्यासात आणण्याचे श्रेय बहुधा आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो ह्या फ्रेंच गणितज्ञाला देतात. त्याने १८३८ साली एका खनिज पाण्याच्या झऱ्याचा मालक कल्पिला. पाणी फुकट, खर्च नाही. मग भाव किती ठेवावा? त्याने अवकलज शून्य करून दाखवला. पुस्तक त्या काळी फारसे कोणी वाचले नाही. पुढे १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शलने आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात गणित तळटीपांत आणि परिशिष्टात ठेवले, म्हणजे वाचणारा घाबरून पळू नये. आजच्या बीबीएच्या पुस्तकांनी मार्शलचे एवढे ऐकले असते तर बरे झाले असते.

आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे आणि ती इंदूरपासून फार दूरची नाही. भोपाळच्या वाटेवर सिहोर लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता आणि संस्कृत पाठशाळेत त्याला फार रस होता. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री ह्या सिहोरच्या पाठशाळेत शिकले आणि पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण लिहिले. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची 'तात्कालिक गती' सांगितली आहे. दिवसभराची सरासरी गती वेगळी आणि ह्या क्षणाची वेगळी. ही कल्पना म्हणजे अवकलनच, असे शास्त्रीबोवांचे म्हणणे. इंग्लंडात त्यावर वाद झाला, आणि तो रास्त होता. भास्कराचार्यांकडे आजच्यासारखे सर्वसाधारण नियम नव्हते. तरी सरासरी आणि तात्कालिक ह्यांतला फरक त्यांना नेमका दिसला होता. १६० आणि १८० मधला फरक तोच. तिथे ग्रह होता, इथे चिवडा आहे.

त्याच सुमारास दिल्ली कॉलेजातले मास्तर रामचंद्र ह्यांनी १८५० मध्ये कलकत्त्यात एक इंग्रजी पुस्तक छापले. कमाल-किमानाची उदाहरणे कॅलक्युलसशिवाय, नुसत्या बीजगणिताने सोडवलेली. ऑगस्टस डी मॉर्गनला ते इतके आवडले की १८५९ मध्ये त्याने लंडनमध्ये ते पुन्हा काढवले. ज्यांना कॅलक्युलसचा धसका आहे त्यांनी ती वाट एकदा चालून पाहावी. आपला नफा १८०क − १.५क² − ६०० आहे. पूर्ण वर्ग करून तो असा लिहिता येतो :

नफा = ४८०० − १.५ (क − ६०)²

वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून ४८०० च्या वर नफा जाऊच शकत नाही, आणि तो मिळतो फक्त ६० ला. हे नववी-दहावीचे गणित आहे. मुलीने वहीत दोन्ही रीती शेजारी शेजारी लिहिल्या आणि उत्तर तेच आलेले पाहून पहिल्यांदाच जरा सैल झाली.

लवचिकतेचे प्रकरण पाठ करण्याचे म्हणून बदनाम आहे, पण इथे ते दोन ओळींत होते. भाव एक टक्का वाढवला तर खप किती टक्के घटेल, एवढाच प्रश्न. २४० च्या भावाला आपला खप ६०, भाव एक रुपया चढला की खप एक किलो उतरतो; २४० भागिले ६०, म्हणजे ४ टक्के. आणि भाव २४०, पुढच्या किलोचा खर्च १८०, मधले ६० रुपये हे भावाच्या बरोबर एक चतुर्थांश. हा योगायोग नाही. नफा सर्वांत जास्त असतो तिथे हा हिस्सा एक भागिले लवचिकता इतकाच येतो. गिऱ्हाईक जितके चटकन दुसऱ्या दुकानात जाणारे, तितका हा हिस्सा लहान ठेवावा लागतो. छोटे व्यापारी हे सूत्र न शिकता अंदाजाने पाळतात. सराफ्यातला एखादा जुना दुकानदार ते तुम्हाला त्याच्या शब्दांत सांगेल.

समाकलन म्हणजे उलटी वाट. काठावरचा खर्च १२० + क माहीत आहे. ६० पासून ८० किलोंपर्यंत जायला एकूण किती लागेल? प्रत्येक किलोचा वाढीव खर्च जमा करत जायचा. उत्तर ३८०० येते, आणि १३४०० मधून ९६०० वजा केले तरी तेच. पण ह्या प्रकरणातली एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. समाकलन केल्यावर शेवटी 'अधिक सी' लिहायचे मुले विसरतात आणि गुण घालवतात. वर्गात आम्ही त्याला 'स्थिरांक' म्हणतो आणि पुढे जातो. तिला मी म्हटले, "१२० + क चं समाकलन कर." तिने १२०क + ०.५क² लिहिले. "६०० कुठे गेले?" ती बघतच राहिली. अवकलन करताना आपण ज्याचे शून्य केले होते ते खोलीचे भाडे आणि बाईंचा रोज होता. पुढच्या किलोच्या खर्चावरून भाडे किती ते कधीच कळत नाही. ते वेगळे विचारून आणावे लागते. 'अधिक सी' म्हणजे ते भाडे. त्यानंतर ती ते कधी विसरली नाही.

साठा किती मागवावा ह्याचे सूत्रही ह्याच अभ्यासक्रमात येते. फोर्ड हॅरिस ह्या अमेरिकन माणसाने ते १९१३ मध्ये मांडले. एखाद्या खाणावळीला वर्षाला ३६०० किलो तांदूळ लागतो, दर खेपेला टेम्पो-हमाली मिळून २०० रुपये, आणि एक किलो वर्षभर साठवायला ४ रुपये पडतात, असे धरा. थोडा थोडा आणला तर खेपा वाढतात, एकदम आणला तर साठवणीचा खर्च. अवकलज शून्य केला की ६०० किलोंची खेप येते, वर्षाला सहा खेपा; खेपांचे १२०० आणि साठवणीचेही १२००. पण समजा ६०० ऐवजी ८०० मागवला, तर खर्च २४०० चा २५०० होतो. अंदाज एक तृतीयांशाने चुकला आणि नुकसान शंभर रुपये, तेही वर्षाचे. सूत्राइतकेच हे महत्त्वाचे आहे आणि पुस्तकात बहुधा नसते. शिखराजवळ जमीन सपाट असते, थोडे इकडे-तिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. दूर गेल्यावर मात्र उतार झपाट्याने वाढतो. चिवड्याचेही तसेच : ५० केले किंवा ७० केले तरी नफा ४६५० च्या खाली जात नाही.

ऑक्टोबरात मुलीने वहीतली पाने आईला दाखवली. अवकलज वगैरे काही बोलली नाही. ६०, ७०, ८० असे आकडे घालून तीन ओळी दाखवल्या. आई म्हणाली, साठच करू, पण पाच किलो जुन्या पाच घरांना द्यावेच लागतील, दरवर्षीचे आहेत. मुलीने जागच्या जागी हिशेब केला. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याची दीडपट साडेसदतीस. रोजचे साडेसदतीस रुपये कमी पडणार होते. आईने ते कबूल केले आणि पासष्ट किलोंचे पोहे मागवले.